गळ्यातली पाटी

बुधवार, एगम

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून एगमला पाऊण तासात पोचता येतं. स्टेशनपासून चढाने वीस-पंचवीस मिनिटं चाललं की लाल विटांचा राजवाडा समोर उभा राहतो. हे रॉयल हॉलोवे कॉलेज. थॉमस हॉलोवे या माणसाने गोळ्या आणि मलमं विकून अमाप पैसा केला. त्यातून मुलींसाठी हे कॉलेज बांधायला घेतलं, फ्रान्समधल्या शांबोरच्या राजवाड्याचा नमुना समोर ठेवून. १८८६ साली राणी व्हिक्टोरियाने उद्घाटन केलं, पण हॉलोवे तोवर गेला होता. मरण्याआधीच्या दोन-तीन वर्षांत त्याने कॉलेजसाठी ७७ चित्रं विकत घेतली. ती एका दालनात मांडलेली आहेत. गॅलरी रोज उघडी नसते, तेव्हा वेळ बघूनच निघावं.

या खेपेला मी एकच काम ठरवून आले होते. व्हिक्टोरियन चित्रकारांनी गरीब आणि अपंग माणसं कशी रंगवली ते प्रत्यक्ष बघायचं. पुस्तकांतल्या छोट्या छपाईत या चित्रांचं काही कळत नाही. सोबतीला लंडनला राहणारी माझी भाची होती.

ल्यूक फिल्ड्सचं १८७४ चं चित्र जवळजवळ आठ फूट रुंद आहे. हिवाळ्यातली रात्र, ओला रस्ता, पोलीस ठाण्याच्या भिंतीला लागून माणसांची रांग. पोराला कडेवर घेतलेला बाप, तान्ह्याला शालीत गुंडाळलेली आई, दारूने सुजलेला एक धिप्पाड माणूस, थंडीने आखडलेली पोरं. ही सगळी कॅज्युअल वॉर्डच्या चिठ्ठीसाठी उभी आहेत. वर्कहाऊस म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणारं सरकारी गरीबघर. ज्यांना रात्री डोक्यावर छप्पर नाही त्यांना त्याच्या या वॉर्डात एका रात्रीपुरता निवारा मिळे. त्यासाठी आधी पोलिसाकडून चिठ्ठी घ्यायची. आत गेल्यावर अंघोळ, पाव किंवा पेज, आणि सकाळी त्या बदल्यात खडी फोडायची नाहीतर जुने दोरखंड उसवून त्यांचे तंतू काढायचे. १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्याचं तत्त्वच असं होतं की वर्कहाऊसमधलं जगणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जगण्याहून वाईट असलं पाहिजे, म्हणजे कोणी हौसेने आत येणार नाही.

रांगेमागच्या भिंतीवर बक्षिसांची पत्रकं डकवलेली आहेत. हरवलेल्यांना शोधून द्या, पकडून द्या, पैसे घ्या. त्यांच्याखाली उभ्या असलेल्यांना मात्र कोणी शोधत नाही. हे मला छापील चित्रात कधी दिसलं नव्हतं.

फिल्ड्सने हे दृश्य आधी १८६९ साली ‘द ग्राफिक’ साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकासाठी काढलं होतं. ते पाहून डिकन्सने त्याला आपल्या शेवटच्या कादंबरीची चित्रं काढायला दिली. व्हॅन गॉग पुढे हेगमध्ये राहत असताना ‘ग्राफिक’मधली अशी चित्रं जमवत असे, त्यात हेही होतं. फिल्ड्सची आजी मेरी फिल्ड्स १८१९ साली मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात व्यासपीठावर होती. मतदानाचा हक्क मागणाऱ्या जमावावर घोडदळ घातलं गेलं तो पीटरलूचा दिवस. आजीनेच या नातवाला वाढवलं.

लंडनच्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात हे चित्र लागलं तेव्हा एवढी गर्दी लोटली की पुढे कठडा घालावा लागला आणि पोलीस उभा करावा लागला. लोक रडले, असं काही चांगलं पाहवत नाही असंही काही जण म्हणाले. पण त्याच गर्दीतले किती जण घरी जाताना खऱ्या रांगेजवळून गेले असतील? आठ फुटी चित्रापुढे उभं राहून मला सारखं हेच वाटत होतं. ही माणसं आत घ्यायचं दार कोणी इतकं अरुंद केलं, याचं उत्तर चित्रात नाही. चित्रातला पोलीस फक्त चिठ्ठी देणारा आहे.

त्याच दालनात फ्रँक हॉलचं न्यूगेट तुरुंगाचं चित्र आहे, १८७८ चं. गजांआडच्या नवऱ्यांना भेटायला आलेल्या बायका आणि पोरं. तेही थांबून बघावं असं आहे. एडविन लाँगच्या बाबिलोनच्या चित्रासमोर मी फार वेळ घालवला नाही. हॉलोवेने त्याला ६३०० गिनी मोजले एवढं लक्षात ठेवलं.

गुरुवार, कॉम्प्टन

गिल्डफर्डपर्यंत रेल्वे आणि पुढे बस. वॉट्स गॅलरी खेड्यातच आहे, आजूबाजूला शेतं. जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स १९०४ साली गेला, त्याच वर्षी ही गॅलरी उघडली.

वॉट्सने १८५० च्या आसपास चार मोठी चित्रं केली. शिवणकाम करणारी बाई, पुलाच्या कमानीखाली बसलेली बेघर म्हातारी, नदीतून काढलेली बुडालेली बाई, आणि आयर्लंडचा दुष्काळ. इतिहासातल्या प्रसंगांच्या भव्य चित्रांनी ख्याती मिळत असताना त्याने हे विषय घेतले. बुडालेल्या बाईच्या चित्रात वॉटर्लू पुलाची कमान आहे, पायांना अजून पाणी लागतंय आणि मुठीत साखळीला अडकवलेलं एक लॉकेट. चेहऱ्यावर उजेड पडलाय. ती कोण, का गेली, हे लॉकेटवरून आपणच जुळवायचं.

दुष्काळाच्या चित्रासमोर मी जास्त वेळ होते. नवरा, बायको, तान्हं मूल, मागे म्हातारी, आणि उजाड माळ. १८४५ नंतरच्या त्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली. वॉट्स तेव्हा आयर्लंडला गेलेलाही नव्हता. तरी त्या नवऱ्याने मूठ आवळलेली आहे आणि तो थेट आपल्याकडे बघतो. या आठवड्यात पाहिलेल्या गरिबांच्या चित्रांत अशी नजर क्वचितच सापडली.

दुष्काळ म्हटलं की आपल्याकडचा १८७६ ते ७८ चा आठवतोच. सोलापूर, नगर, पुणे, सातारा भागात दुष्काळी कामांवर पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा अशी मजुरी सर रिचर्ड टेंपलने ठरवली होती. ती अपुरी आहे हे पुण्याच्या सार्वजनिक सभेने आणि गणेश वासुदेव जोशींनी सरकारला वारंवार कळवलं, मजुरांनी कामं सोडून दिली. त्या रांगांचं एकही आठ फुटी तैलचित्र मला माहीत नाही.

शुक्रवार, बर्मिंगहॅम

यूस्टनहून दीड तासाच्या आत न्यू स्ट्रीट. चेंबरलेन चौकातलं संग्रहालय विजेच्या वायरिंगच्या कामामुळे बराच काळ बंद होतं, मग टप्प्याटप्प्याने उघडलं. इमारत १८८५ ची. खाली नगरपालिकेच्या गॅस खात्याची कचेरी, तिच्या नफ्यातून वर कलादालन. उद्योगाच्या कमाईतून आम्ही कलेला चालना देतो, असं दाराशी कोरूनच ठेवलंय. आपल्या नगरपालिकांना हे सुचावं असं फार वाटलं.

इथे मी ज्यासाठी आले ते इंग्रज चित्रकार जॉन एव्हरेट मिलेचं ‘आंधळी मुलगी’. १८५६ साली पूर्ण झालेलं. मागचा देखावा ससेक्समधल्या विंचेल्सी गावचा आणि माणसं स्कॉटलंडमधल्या पर्थची. तिथल्या दोन मुलींना मिलेने समोर बसवलं होतं.

पाऊस नुकताच थांबलाय. रस्त्याच्या कडेला दोन बहिणी बसल्यात. मोठी आंधळी आहे, धाकटी तिच्या शालीतून डोकं बाहेर काढून मागचं दुहेरी इंद्रधनुष्य बघतेय. मोठीच्या मांडीवर कॉन्सर्टिना, म्हणजे हातात मावणारी भात्याची पेटी. एका हाताची बोटं गवताच्या पात्यावर आहेत, दुसऱ्या हातात बहिणीचा हात. शालीवर एक फुलपाखरू येऊन बसलंय आणि ती इतकी स्थिर आहे की ते उडालेलं नाही. स्कर्टला ठिगळं. गळ्यात पाटी आहे: आंधळ्यांवर दया करा.

जवळून बघताना कळतं की मिलेने तिला नुसतं न दिसणारी म्हणून रंगवलेलं नाही. ऊन चेहऱ्यावर घेण्यासाठी ती किंचित वर झालीय. पात्याचा ओलेपणा बोटांना लागतोय हे स्पष्ट दिसतं. मी पुण्यात अंध विद्यार्थ्यांची लेखनिक म्हणून परीक्षांना बसते. विचार करताना बाकाची कड बोटाने चाचपत राहणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. मिलेने ते बारकाईने टिपलंय, यात शंका नाही. इंद्रधनुष्याच्या बाबतीतही तो असाच काटेकोर. बाहेरच्या धनुष्यात रंगांचा क्रम उलटा असतो. त्याने तो आधी सारखाच रंगवला होता, कोणीतरी लक्षात आणून दिल्यावर दुरुस्त केला.

भाची म्हणाली, “मावशी, लोकांना तिला इंद्रधनुष्य दिसत नाही याचं वाईट वाटतं की ती रस्त्यावर आहे याचं?”

तिने नेमकं बोट ठेवलं. हे चित्र बघणारा हळहळतो तो इंद्रधनुष्यासाठी. पण इंद्रधनुष्य न दिसल्याने कोणी रस्त्यावर येत नाही. अंध मुलांना शिक्षण सक्तीचं करणारा कायदा इंग्लंडमध्ये व्हायला १८९३ उजाडलं. ब्रेल तिथे रुजवण्यासाठी डॉक्टर आर्मिटेज आणि त्यांच्या अंध सहकाऱ्यांनी संस्था काढली ती १८६८ साली, म्हणजे हे चित्र झाल्यावर बारा वर्षांनी. त्या मुलीच्या बोटांना गवताच्या पात्याऐवजी अक्षरं मिळाली असती तर? चित्राने हा प्रश्न विचारलेला नाही, आणि मला तो विचारल्याशिवाय तिथून हलवेना.

कॉन्सर्टिनाबद्दलही सांगायला हवं. १८२४ च्या भटक्यांविरुद्धच्या कायद्यात, जखमा किंवा व्यंग उघडं दाखवून भीक मागत फिरणं हा गुन्हा होता. नेपोलियनशी झालेल्या युद्धांनंतर रस्त्यावर आलेले पांगळे सैनिक त्यात सापडत. अशा वेळी हातात वाद्य असलं, टोपलीत काडेपेट्या किंवा बुटांच्या नाड्या असल्या की पोलिसाला सांगायला काहीतरी असे. लंडनच्या फेरीवाल्यांच्या मुलाखती घेणाऱ्या हेन्री मेह्यूने गुडघ्यांवर चालत जायफळाच्या किसण्या विकणाऱ्या एका अपंग माणसाबद्दल सविस्तर लिहिलंय. तेव्हा मांडीवरची ती पेटी म्हणजे तिचं संरक्षण, तिचा धंदा.

आणि हे तिथेच संपत नाही. आपल्या १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंध कायद्यात व्रण, जखम, व्यंग दाखवून भीक मागणं आहेच, शिवाय गाणं, नाच, भविष्य सांगणं किंवा वस्तू विकणं या निमित्ताने मागितलेले पैसेही भीकच धरलेत. लोकलमध्ये गाणाऱ्या अंध जोडप्याला या व्याख्येत बसवणं अगदी सोपं आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरती या कायद्यातली बरीचशी कलमं घटनाबाह्य ठरवली. हा निकाल मी आल्यावर पुन्हा वाचला, आणि वाचताना मिलेची मुलगी डोळ्यांपुढून जात नव्हती.

शनिवार, मँचेस्टर

सकाळच्या गाडीने मँचेस्टर. मोस्ली स्ट्रीटवरच्या गॅलरीत फोर्ड मॅडॉक्स ब्राऊनचं ‘वर्क’ आहे. १८५२ ला सुरू केलं, १८६५ ला दाखवलं. हॅम्पस्टेडच्या हीथ स्ट्रीटवर रस्ता खणणारे मजूर मधोमध, भर उन्हात. उजवीकडे कठड्याला टेकून नुसते बघत उभे असलेले दोघे म्हणजे विचारवंत कार्लाइल आणि कामगारांसाठी कॉलेज काढणारे मॉरिस. डावीकडून फाटक्या टोपीचा, अनवाणी, रानातली फुलंपानं विकणारा येतोय. पुढ्यात आई नसलेली पोरं, तान्ह्याच्या बाहीला काळी फीत, आणि थोरली बहीण दहा वर्षांची असेल-नसेल. एक बाई मजुरांना धर्माची पत्रकं वाटतेय. चित्र मागवणाऱ्या थॉमस प्लिंटच्या आग्रहामुळे ती चित्रात आली.

पण मी शोधत होते तो बिअरवाला. ठेंगणा, पाठीला कुबड असलेला, भडक वेस्टकोट घातलेला, बिअर घेऊन ओरडत चाललाय. ब्राऊनने चित्राच्या प्रदर्शनासाठी स्वतः माहितीपत्रक लिहिलं होतं. त्यात तो सांगतो की लहानपणी हा बहुधा उपाशी राहिला, दारूने खुरटला, गाडीखाली सापडला, पण स्वतःच्या हिमतीवर वर आला आणि आता लोक त्याला मान देतात. ब्राऊनने त्याची अभिरुची गावंढळ म्हटलीय, ते मला आवडलं नाही. तरी बाकीचं सगळं फार मोठं आहे. व्यंग कुठून आलं ते तो सांगतो. ते आलं भुकेतून आणि रस्त्यावरच्या गाडीखालून. नशिबातून नाही, पापातून नाही. आणि चित्रातला हा माणूस कोणाकडे काही मागत नाही, मालाची हाळी घालतोय. या आठवड्यात पाहिलेला धंदा करणारा, कमावता अपंग माणूस हा एकटाच. लोक त्याला ओलांडून कार्लाइलला बघायला जातात. आम्ही बाकावर बसून बराच वेळ फक्त त्याच्याकडे बघितलं.

हर्कोमरचं ‘हार्ड टाइम्स’ही इथेच आहे, १८८५ चं. काम शोधत फिरणारा मजूर रस्त्याच्या वळणावर उभा, बायको आणि पोरं थकून बांधाला टेकलेली, शेजारी हत्यारांचं गाठोडं. चांगलं आहे, पण तो मजूर जरा जास्तच देखणा वाटला.

रविवार, लिव्हरपूल

लाइम स्ट्रीट स्टेशनसमोरच वॉकर आर्ट गॅलरी. इथे हर्कोमरचं ‘ईव्हनटाइड’, १८७८. लंडनच्या सोहोमधल्या वर्कहाऊसचा लांबलचक दिवाणखाना. पुढे टेबलाशी म्हाताऱ्या बसल्यात, शिवतायत, चहा पितायत. एक तरुण मुलगी त्यांच्यात कामाला बसलीय. मागे दूरवर, अंधुक उजेडात, वाकलेल्या बायका एकमेकींना धरून चालतायत.

हर्कोमर स्वतः बव्हेरियातून आलेल्या गरीब लाकूडकाम करणाऱ्याचा मुलगा. हेच दृश्य त्याने आदल्या वर्षी ‘ग्राफिक’मध्ये छापलं होतं, तेव्हा शीर्षक साधं होतं: म्हातारपण. ते चित्र फार कठोर आहे. तैलचित्र करताना त्याने टेबलावर फुलं ठेवली, चहा ठेवला, तरुण मुलगी आणली. अकादमीच्या भिंतीवर लागायचं तर एवढं सुसह्य करणं गरजेचं होतं बहुतेक. पण मागच्या वाकलेल्या बायकांना त्याने हात लावला नाही. त्या तशाच कठोर राहिल्या, आणि मला त्यांच्यासाठीच हे चित्र मोलाचं वाटतं.

याच शहरात १७९१ साली ब्रिटनमधली पहिली अंधशाळा निघाली. ती काढण्यात पुढाकार होता एडवर्ड रश्टनचा. गुलामांच्या जहाजावर तो खलाशी होता. डोळ्यांची साथ आली तेव्हा तळाशी कोंडलेल्या गुलामांना अन्न-पाणी द्यायला गेला आणि त्याची दृष्टी गेली. पुढे तो कवी झाला आणि गुलामगिरीविरुद्ध लिहीत राहिला. मिलेने चित्र काढलं त्याच्या पासष्ट वर्षं आधी हे झालेलं आहे. तेव्हा शाळा सुचलीच नव्हती असं म्हणायची सोय नाही.

मंगळवार, लंडन

सोमवार परतीच्या प्रवासात आणि विश्रांतीत गेला. आज नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी. जेरी बॅरेटने रंगवलेली राणी व्हिक्टोरिया चॅटमच्या रुग्णालयात क्रिमियाच्या युद्धातून आलेल्या जखमी सैनिकांना भेटतेय. हात-पाय गमावलेल्या सैनिकाला चित्रात मान मिळतो, राणी स्वतः येते.

मग हेन्री फॉसेट, हा अंध खासदार. हे चित्र १८७२ चं आणि काढणारा पुन्हा फोर्ड मॅडॉक्स ब्राऊन. फॉसेट खुर्चीत बसलाय, बायको मिलिसेंट खुर्चीच्या हातावर टेकलीय, तिचा हात त्याच्या खांद्यावर, आणि दोघांच्या मध्ये एक पत्र. तिने वाचायचं, त्याने उत्तर सांगायचं. लेखनिकाचं काम करणारीला हे दृश्य ओळखीचं वाटणारच. १८५८ साली शिकारीत वडिलांच्या बंदुकीचे छर्रे लागून त्याचे दोन्ही डोळे गेले तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. १८६३ ला केंब्रिजमध्ये अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला, १८६५ ला पार्लमेंटात निवडून आला. तुर्कस्तानच्या सुलतानासाठी १८६७ साली लंडनच्या इंडिया ऑफिसात नाचाची मेजवानी झाली. तिचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीतून का, असं त्याने विचारलं. १८७८ ला अफगाण युद्धाचा खर्च आपल्यावर लादायलाही त्याने विरोध केला. तेव्हा दख्खनचा दुष्काळ नुकताच सरला होता. तिथे त्याला हिंदुस्थानचा खासदार म्हणत. हिंदुस्थानच्या आर्थिक कारभाराची चौकशी करणाऱ्या ज्या समितीत तो होता, तिच्यापुढे दादाभाई नौरोजींनी १८७३ साली साक्ष दिली. पोस्टमास्टर जनरल असताना त्याने १८८३ ला पार्सल पोस्ट सुरू केलं.

भाचीला फॉसेट फार आवडला. “याच्या गळ्यात पाटी नाही,” ती म्हणाली.

नाही, कारण वडिलांची शेतीवाडी होती, केंब्रिजचं शिक्षण आंधळा होण्याआधीच झालं होतं, वाचून दाखवायला माणसं ठेवता येत होती, आणि मिलिसेंट होती. त्याची बुद्धी आणि हिंमत मी तसूभरही कमी लेखत नाही. पण विंचेल्सीच्या रस्त्यावर बसलेल्या मुलीपाशी यातलं काहीच नव्हतं.

दुपारी टेम्सच्या काठावरच्या बागेत त्याच्या स्मरणार्थ बांधलेलं कारंजं बघून आलो. कृतज्ञ देशभगिनींनी उभारलं, असं त्यावर कोरलंय. फॉसेट १८८४ साली, एक्कावन्नाव्या वर्षी गेला. अंध मुलांच्या सक्तीच्या शिक्षणाचा कायदा व्हायला त्यानंतर आणखी नऊ वर्षं लागली.